नवे पॅड टाकले आणि ब्रेक मऊ झाला : आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

*मंगळवार*

बी-३०४ : नमस्कार मंडळी. परवा गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलून घेतले. तेव्हापासून पेडल मऊ लागतंय. आधी वरच धरायचं, आता अर्ध्याच्या खाली गेल्यावर गाडी थांबते. शनिवारी ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघायचंय, आईबाबा पण आहेत. कुणाला अनुभव?

सी-७०१ : नवे पॅड बसायला वेळ लागतो हो. २००-३०० किमी चालवा, होईल आपोआप.

डी-४०२ : माझंही असंच झालेलं. दोनदा दाबायची सवय लागली, आता काही वाटत नाही 😄

ए-१०२ : डी-४०२, तुमची गाडी आधी दाखवून घ्या. मस्करी नाही करत.
सी-७०१, पॅड बसतात म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पूर्ण टेकायला लागतात. तोवर ब्रेक जरा कमी धरतो, हे खरं. पण त्याने पेडल एवढं खाली जात नाही. पॅड बदलताना त्याला ढकलणारा पिस्टन मागे दाबलेला असतो, म्हणून पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. गाडी जागची हलवायच्या आधी चार-पाचदा दाबून ते वर आणायचं असतं. ते तेवढ्यापुरतंच. परवा केलेल्या कामाला आज पंपिंग लागतंय, तर कुठेतरी घोळ आहे.

बी-३०४ : काका, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतात ना? प्लीज सांगा काय बघू.

ए-१०२ : दापोडीला होतो. पण आमच्या गाड्यांना हवेचाच ब्रेक. तुमच्या गाडीत तेलाचा, त्यात हवा शिरली की बोंब. असो. नुसतं "मऊ" म्हणून भागत नाही. जागेवर उभी करून हे बघा आणि सांगा:
दोन-तीनदा पटापट दाबल्यावर पेडल वर येतं का? वर आल्यावर कडक लागतं, की तरीही दबतच राहतं?
मग इंजिन चालू ठेवून मध्यम जोराने अर्धा मिनिट दाबून धरा. पायाखालून हळूहळू खसतंय का?
हँडब्रेक किती कट-कटला धरतो?
बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीची लेव्हल बघा. झाकण उघडू नका, बाहेरून दिसते.

एफ-१०३ : 🌹शुभ रात्री🌹 आयुष्यात थांबणं ज्याला जमलं त्याला सगळं जमलं

सी-७०१ : वेळेवर टाकलंत 😂

*बुधवार*

बी-३०४ : काका, बघितलं. उभ्या गाडीत दोनदा दाबलं की पेडल वर येतं, एकदम कडक. धरून ठेवलं तर खसत नाही. हँडब्रेक सहाव्या कटला. ऑइल मॅक्सच्या जरा खाली, कालपासून हललेलं नाही. पण गल्लीत एक चक्कर मारून आणली, स्पीडब्रेकरवरून गेली, की पहिलं दाबणं पुन्हा खाली. आणि इंजिन चालू केलं की पेडल अजून थोडं खाली जातं, ते काय?

ए-१०२ : ते बूस्टरचं, म्हणजे पायाचा जोर वाढवतो त्याचं. पेडल दाबून धरून इंजिन चालू केलं की ते किंचित खाली जायलाच हवं, नाही गेलं तर बूस्टर गेला.
बाकी तुमच्या उत्तरांवरून बरंच कळलं. खसत नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) सील धरतंय. लेव्हल हलली नाही, म्हणजे गळती नाही. लेव्हल उतरत असती तर गाडी टो करूनच न्या म्हटलं असतं. हँडब्रेक सहाव्या कटला धरतो, म्हणजे मागच्या ड्रमचे लायनर फार लांब गेलेले नाहीत. तो दहा-बाराव्याला आला असता तर आधी मागची चाकं काढली असती.

बी-३०४ : गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणतो लाईनमध्ये हवा धरली. काल संध्याकाळी दोनदा एअर काढली त्याने. वरून ऑइलचे आणि मजुरीचे घेतले. फरक शून्य.

ए-१०२ : पॅड बदलताना होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, काढला होता? एअर काढायचा निपल उघडला होता?

बी-३०४ : नाही. समोर उभा होतो. दोन बोल्ट काढून कॅलिपर (पॅड ज्यात बसतात तो) वर केला, पिस्टन दाबला, पॅड टाकले.

ए-१०२ : मग हवा आली कुठून? लाईन उघडलीच नाही, डबी रिकामी झाली नाही. एअर काढताना निपलमधून बुडबुडे आले का?

बी-३०४ : पारदर्शक नळी लावली होती. एकही नाही. नुसतं काळपट तेल.

ए-१०२ : झालं तर. हवा असती तर पेडल वर येऊनही दबत राहिलं असतं. तुमचं कडक होतंय, म्हणजे पॅड आणि डिस्कमध्ये कुठेतरी फट राहतेय. जुने पॅड दिले का त्याने परत?

बी-३०४ : हो, डिकीत खोक्यात आहेत.

ए-१०२ : चारही शेजारी शेजारी ठेवा. कडेने फोटो टाका.

सेक्रेटरी : बी विंगसमोरची पांढरी गाडी कुणाची? पाण्याचा टँकर वळत नाहीये.

बी-३०४ : माझीच. ब्रेकमुळे हलवत नाहीये 🙏

सेक्रेटरी : अर्धी विंग बिनआंघोळीची बसलीय.

ए-१०२ : न्यूट्रल करा, वॉचमनला ढकलायला सांगा, हात हँडब्रेकवर ठेवा. टँकर गेला की फोटो.

बी-३०४ : 📷📷

ए-१०२ : सापडलं बहुतेक. डावीकडचा जोड बघा. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलाय, बाहेरचा जवळपास अर्धा शिल्लक. उजवीकडचे दोन्ही सारखे.
तुमच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आत. आतला पॅड पिस्टन ढकलतो. बाहेरचा पॅड डिस्कवर यायचा तर अख्खा कॅलिपर सरकावा लागतो, आणि तो दोन पिनांवर सरकतो. पिन जाम झाली की सगळं काम आतला पॅड करतो. आता नवे जाड पॅड आले, तर कॅलिपर आधी होता तिथून बाजूला गेला, पण पिन मोकळी सरकत नाही. तुम्ही दाबता तेव्हा कॅलिपर वाकून कसाबसा बाहेरच्या पॅडला आणतो. पाय काढला की ताण सुटतो, कॅलिपर मागे येतो, पिस्टनला मागे ढकलतो. पुढच्या वेळी ती फट भरण्यातच अर्धं पेडल जातं.

सी-७०१ : काका, क्लास 👏 मग डॉट ५ नंबरचं ब्रेक ऑइल टाकलं तर? नंबर जास्त म्हणजे ताकद जास्त ना?

ए-१०२ : अजिबात नको. डॉट ५ सिलिकॉनचं, डॉट ३ आणि ४ ग्लायकॉलचं. मिसळायचं नाही. बोनेटखाली झाकणावर लिहिलंय तेच टाकायचं.

*गुरुवार*

बी-३०४ : गॅरेजवाला यायला तयार नव्हता, पिन बघितल्या होत्या म्हणाला. शेवटी काकांच्या ओळखीचा फिटर पार्किंगमध्ये आला. गाडीखाली घोडी लावूनच काम केलं, नुसत्या जॅकवर नाही.
डावीकडची वरची पिन बोटाने सरकली. खालची हलेना. पाना लावून, फिरवून फिरवून काढावी लागली. टोकाला रबरी बूट फाटलेला, पाणी आत जाऊन पिनेवर गंजाचा खडबडीत थर, आणि मधे वाळलेलं काळं ग्रीस. त्याच कॅलिपरमध्ये आणखी एक गंमत. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिपा काढून गंज घासलाच नव्हता, त्यावरच नवा पॅड ठोकून बसवलेला. हाताने निघेना. नव्या पॅडला घासल्याची खूण फक्त एका टोकाला, बाकी पृष्ठभाग कोरा.

ए-१०२ : ठोकून बसवलेला पॅड सुटत नाही. पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे, पण खडखडला नाही पाहिजे. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. ती न देता एअर काढायचे पैसे घ्यायचे, याचा मला राग येतो.

बी-३०४ : पिना आणि बूट नवे टाकले, जोडी २८० ला मिळाली. खाच ब्रशने घासली, क्लिपा नव्या. फिटरने पांढरट सिलिकॉन ग्रीस लावलं, घरातलं चेसिसचं चालणार नाही म्हणाला.

ए-१०२ : बरोबर. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा आवळते. आणि ते काळपट तेल पूर्ण बदललं का?

बी-३०४ : बदललं, चारही चाकांतून. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची दोन. कंपनीच्या पुस्तकात बघून.

ए-१०२ : छान. गाडीगाडीचा क्रम वेगळा असतो, पुस्तक बघितलं ते चांगलं. घाटासाठी तेल बदलायलाच हवं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ३ कमीत कमी २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १४० च्या आसपास. डॉट ४ चं २३० आणि १५५. उतारावर सतत ब्रेक मारला की तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दबते. तेव्हा पेडल खरंच तळाला जातं.

सेक्रेटरी : पेव्हर ब्लॉकवर तेल सांडलंय का?

बी-३०४ : थोडं. लगेच पाण्याने धुतलं. बंपरवर एक थेंब उडाला होता, तोही. ब्रेक ऑइल रंग खातं म्हणे.

एफ-१०३ : शेजारच्या लाल गाडीवर उडालं नाही ना? ती माझी.

बी-३०४ : नाही ताई, बघितलं टॉर्च लावून.

*शुक्रवार*

बी-३०४ : सकाळी बाणेरच्या मोकळ्या रस्त्यावर ५० वरून हळूहळू १० वर, असं बऱ्याचदा केलं, मधे मधे थंड होऊ दिलं. पेडल वर, पहिल्याच दाबण्यात. स्पीडब्रेकरवरूनही तसंच. दोन्ही चाकांना हात लावून बघितला, डावं-उजवं सारखंच गरम.

ए-१०२ : मग निघा उद्या. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय रेलून ठेवायचा नाही. मारायचा तर नीट मारायचा आणि सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल लांब वाटलं तर गाडी कडेला घ्या, थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते.

डी-४०२ : काका, माझी गाडी सोमवारी बघाल का? ते दोनदा दाबणं 🙈

ए-१०२ : बघू. तोवर ती जिथे आहे तिथेच राहू द्या. आणि ए विंगखाली लावू नका, सेक्रेटरी साहेबांचा पेव्हर ब्लॉक आहे तिथे.