मोटारीच्या सस्पेन्शन स्प्रिंगा घरी बदलाव्यात का?

(सोलापुरातील तिघांची चर्चा; बोलणाऱ्याची ओळख त्याच्या भागाच्या नावाने दिली आहे.)

जुळे सोलापूर : माझे मत असे आहे की, ज्या मोटारीत मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर वेगवेगळे बसवलेले असतात, तिच्या मागच्या स्प्रिंगा घरी बदलायला हरकत नसावी. मारुती स्विफ्टमध्ये मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणारा आडवा लोखंडी दांडा, असतो. गाडी स्टँडवर (उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या लोखंडी आधारांवर) घेऊन बीमखाली जॅकचा आधार द्यायचा, दोन्ही शॉकअब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढायचे आणि ब्रेकच्या नळ्यांवर ताण येत नाही हे पाहत बीम सावकाश खाली आणायचा. स्प्रिंग मोकळी होऊन हाताने निघते आणि कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार) सहसा लागत नाही. त्यासाठी जॅक, दोन मजबूत स्टँड, बॉक्स पाने आणि गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री मारायला तेल, एवढे पुरते. स्प्रिंगा मात्र जोडीनेच बदलाव्यात.

होटगी रोड : मी गॅरेजमध्ये काम करतो आणि या मताला माझा विरोध आहे. मागचे काम जमले की माणूस पुढच्या चाकाकडे वळतो आणि धोका तिथेच आहे. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र बसवलेल्या जोडणीत, स्प्रिंग गाडी उचलल्यावरही दाबलेलीच राहते, कारण वरचा मधला नट तिला धरून ठेवतो. कंप्रेसर न लावता तो नट सोडला, तर शेकडो किलोंच्या जोराने वरचे माउंट (स्ट्रटला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी बैठक) उडते आणि समोर तोंड असेल तर माणूस दगावू शकतो. स्प्रिंग तारेने बांधून नट खोलणारे लोक मी पाहिले आहेत. ते धाडस नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. शिवाय आपल्याकडे अनेक अंगणांत फरशीखाली काळी माती आहे. पावसानंतर ती मऊ पडली की स्टँडचा एक पाय खचायला वेळ लागत नाही.

जुळे सोलापूर : काळ्या मातीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पक्क्या, सपाट काँक्रीटशिवाय हे काम करूच नये. परंतु पुढच्या स्ट्रटसाठीही मधला मार्ग आहे. मधल्या नटाला हात न लावता अख्खा स्ट्रट घरी उतरवावा आणि स्प्रिंग बदलण्यापुरता गॅरेजमध्ये द्यावा. बळकट कंप्रेसर तिथे असतो आणि गाडीमालकाची मजुरी वाचते.

विजापूर रोड : आपण दोघेही स्प्रिंग गेलीच आहे असे धरून चालला आहात. गाडी खड्ड्यात आदळली की लोक स्प्रिंगला दोष देतात, पण बहुधा शॉकअब्सॉर्बर किंवा वरचे माउंट संपलेले असते. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. एक बाजू स्पष्टपणे खाली असेल किंवा स्प्रिंगचा वेढा तुटलेला दिसत असेल, तरच स्प्रिंगचा विचार करावा, मग काम कोणीही करो.

होटगी रोड : विजापूर रोड यांचे म्हणणे योग्य आहे, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. स्ट्रट उतरवून आणण्याबाबत मी इतकेच मानतो की, तेवढे काम सावध माणसाला जमू शकेल, मात्र नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवली पाहिजे, नाहीतर ब्रेकची नळी ताणते आणि ड्राइव्ह शाफ्टचा सांधा निसटतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, कारण बऱ्याच गाड्यांत स्ट्रट आणि नकल यांच्यातील बोल्टची जागा किंचित हलली तरी चाकाचा कल बदलतो आणि टायर एका कडेने झिजतो. योग्य मापाचा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) नसलेल्या माणसाने हे बोल्ट अंदाजाने आवळू नयेत, या मतावर मी ठाम आहे.

जुळे सोलापूर : टॉर्क रेंच मी यादीत घालतो. मागच्या स्प्रिंगांबाबतचे माझे मत कायम आहे. तिथेही रबरी बुशमधून (सांध्यातल्या रबरी नळकांडीतून) जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे आवळावेत. हवेत आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो.