अ‍ॅलेक गिनेस: मेकअप जितका जास्त, तितका नट कमी?

रीळ क्र. ७:
'हजार चेहऱ्यांचा नट' ही ब्रिटिश अभिनेता अ‍ॅलेक गिनेसची (१९१४–२०००) ख्याती मला साफ अमान्य आहे. चेहऱ्यावर जेवढं जास्त चिकटवलं, तेवढा तो उणा पडला. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या फॅगिनचं नाक (१९४८), 'लेडीकिलर्स'मधले पुढे आलेले दात (१९५५), 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तल्या राजपुत्र फैजलचा रंग (१९६२) आणि कहर म्हणजे 'अ पॅसेज टू इंडिया'मधला (१९८४) प्रोफेसर गोडबोले. याच्यासमोर 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला (१९५७) कर्नल निकोल्सन, जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश अधिकारी, ठेवा. ऑस्कर त्याच भूमिकेला मिळालं. पत्र्याच्या कोंदट खोपट्यातून बाहेर काढल्यावर तो छावणीप्रमुख सायटोच्या कचेरीकडे चालत जातो. पाय धड उचलत नाहीत, गुडघे दगा देतायत, पण खांदे आणि हनुवटी मात्र परेडवर असल्यासारखी. गिनेसचा मुलगा मॅथ्यू पोलिओतून उठला तेव्हा जसा चालायचा, त्यावरून त्याने ही चाल बसवली होती. यात रंगभूषाकाराचा काय वाटा? बोला आता.

सांजपाऊस:
असहमत. यादीतून 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' (१९४९) सोयीस्कर गळला की काय? त्याला चार भूमिका देऊ केल्या होत्या, त्याने एकाच घराण्यातल्या आठही मागून घेतल्या. सरदार, पाद्री, सेनापती, आरमारप्रमुख, बँकवाला, दोन तरुण आणि वर एक लेडी अगाथा. निव्वळ मिश्या बदलून आठ माणसं उभी राहत नाहीत. पाद्री पोर्ट वाइनबद्दल बोलता बोलता रंगत जातो आणि सेनापती तीच ती लढाई सांगून जीव काढतो. बोलण्याचा वेगच वेगळा आहे.

रीळ क्र. ७:
त्या सिनेमाचं निम्मं श्रेय कॅमेऱ्याचं आहे हो. चर्चमधला सहा गिनेस एका चौकटीत बसवणारा शॉट छायालेखक डग्लस स्लोकोम्बचा.

तिपाई:
त्या शॉटबद्दल नीट लिहितो, कारण 'कॅमेऱ्याची करामत' म्हणून तो उडवून लावणं सोपं आहे.

हे काम लॅबमध्ये झालेलं नाही, कॅमेऱ्यातच झालंय. आधी कॅमेरा जमिनीला असा जखडला की तसूभरही हलू नये. भिंगासमोर काळे पडदे लावून चौकटीचे भाग पाडले. मग एकच भाग उघडा ठेवायचा, तिथे गिनेसला एका वेषात बसवायचं, तेवढी फिल्म घ्यायची. ती मोजून बरोबर त्याच फ्रेमपर्यंत मागे गुंडाळायची, तो भाग झाकायचा, पुढचा उघडायचा. दरम्यान गिनेस नवा मेकअप करून येणार आणि बाकी सगळे हातावर हात ठेवून बसणार. असं सहा वेळा, एकाच निगेटिव्हवर. हे कित्येक दिवस चाललं. रात्री कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्लोकोम्ब कॅमेऱ्यापाशीच झोपायचा.

चुकायला जागा भरपूर. कॅमेरा जरासा सरकला की दोन भागांमध्ये रेघ दिसणार. दिवा थोडा कमी-जास्त झाला की एक माणूस उजळ, शेजारचा मळकट. आणि सहाव्या वेळी नट शेजारच्या भागात झुकला तर आधीचे पाचही गेले, कारण निगेटिव्ह एकच. म्हणजे गिनेसला आपल्या वाट्याच्या पट्टीबाहेर न जाता, शेजारी अजून न बसलेल्या स्वतःचं भान ठेवून बसायचं होतं. याला अभिनय म्हणायचं नाही तर काय?

सांजपाऊस:
+१. आणि फॅगिन. दिग्दर्शक डेव्हिड लीनला गिनेस त्या भूमिकेत दिसतच नव्हता, तेव्हा त्याची तिशी नुकतीच उलटलेली. गिनेसने पूर्ण वेषात पडदाचाचणी मागून घेतली आणि भूमिका पटकावली. मेकअपशिवाय ही संधीच नव्हती.

रीळ क्र. ७:
फॅगिनचा दाखला माझ्याच पारड्यात पडतो. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्नने ज्यू फॅगिनचं ते नाक डिकन्सच्या कादंबरीतल्या क्रुकशँकच्या मूळ चित्रांवरून उचललं. छापील रेखाचित्र म्हणून जे खपलं होतं, ते नाझी छळछावण्या उघड्या पडल्यावर तीन वर्षांत पडद्यावर हलताबोलताना दिसलं. १९४९ मध्ये बर्लिनला निदर्शनं, दंगल. अमेरिकेत सिनेमा अडकला तो १९५१ पर्यंत, आणि लागला तोही काटछाट होऊन. त्या गदारोळात गिनेसच्या आवाजाबद्दल कोण बोललं? नाकाने नटाला गिळलं.

बेचव चहा:
एवढी चर्चा आणि 'स्टार वॉर्स'चं नाव नाही? निर्मात्याच्या नफ्यातले सव्वादोन टक्के ठरवून घेणारा माणूस तो. ओबी-वान केनोबीच्या भूमिकेला आयुष्यभर नावं ठेवली आणि पैसे आयुष्यभर घेतले. खरा कलाकार!

तिपाई:
ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं त्याला. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

कऱ्हाकाठ:
गोडबोलेवर लिहितो, कारण हा माणूस आपल्याकडचा आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांकडे, म्हणजे पवारांच्या मराठी संस्थानात, खासगी चिटणीस होता. तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळ्यांनी पाहिली आणि तीच 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीच्या (१९२४) तिसऱ्या भागात आली. तिथे 'दख्खनी ब्राह्मण' गोडबोले देवळात भजनाला उभा असतो आणि पद आहे तुकारामाला मायबाप म्हणणारं. हा त्या पात्राचा कणा. तो भक्त आहे, विनोदी पात्र नाही.

आता सिनेमा. गिनेसने गोडबोलेचं नृत्य तयार केलं होतं, चित्रितही झालं. लीनने ते संकलनात कापलं. गिनेसच्या ते जिव्हारी लागलं. कणाच काढून घेतल्यावर उरलं काय? चहापानाला गूढ बोलणारा, ऐन वेळी गाडी चुकवणारा एक पगडीवाला. दोष कात्रीचा आहे, मेकअपचा नाही.

रीळ क्र. ७:
पुराव्यासाठी आभार, पण निष्कर्ष उलटा. कादंबरीतला गोडबोले पुन्हा वाचा. फॉर्स्टरने त्याला करड्या-निळ्या डोळ्यांचा आणि युरोपियनाइतका गोरा रंगवलाय. आपल्याकडे अशा कोकणस्थाला कुणी वळून पाहत नाही. म्हणजे गिनेस स्वतःच्या कातडीत पुस्तकाच्या जास्त जवळ होता आणि त्याला तपकिरी रंग फासून लांब नेलं! पात्र भारतीय आहे हे लंडनच्या प्रेक्षकाला लांबून कळावं, एवढंच त्या रंगाचं काम. आणि दोनच वर्षं आधी 'गांधी'त गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू झळकले होते. लीनला मराठी नट सापडत नव्हता असं कुणी म्हणू नये.

कऱ्हाकाठ:
लागूंबद्दल शंभर टक्के मान्य. निवड चुकलीच. पण निवड चुकणं आणि अभिनय पडणं यांत फरक आहे. फलाटावर मायदेशी निघालेल्या मिसेस मूरला निरोप देणारा गोडबोले पाहा. एक शब्द नाही, आणि पुस्तकातला भक्त तेवढ्या क्षणापुरता परत येतो.

सांजपाऊस:
मग गुप्तहेर स्मायलीचं काय करायचं? 'टिंकर टेलर'चे (१९७९) बीबीसीवरचे सात भाग सगळे बिनमेकअपचा अभिनय म्हणून मिरवतात. पुस्तकातला स्मायली बुटका नि लठ्ठ. गिनेसने आधीच लेखक जॉन ल कारेला कळवलं होतं की मी बसक्या बांध्याचा असलो तरी गोलमटोल नाही, दुहेरी हनुवटीही नाही. मग त्याने काय केलं? ब्रिटिश गुप्तचर संस्था एमआय-६ चे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवण ठरवून घेतलं आणि त्यांच्या कफलिंक, छत्री, पेल्याच्या कडेवरून बोट फिरवायची सवय, सगळं टिपून घेतलं. आणि चष्मा! तो पुसताना हात किती वेळ चालू ठेवायचा यावर अख्खे प्रसंग तोललेत. हे वेषांतर नाही तर काय? फॅगिनचं नाक डिंकाने चिकटवलं, स्मायलीची छत्री निरीक्षणाने.

रीळ क्र. ७:
फरक असा की छत्री आणि चष्मा गिनेसच्या हातात आहेत. केव्हा थांबायचं ते तो ठरवतो. नाक सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत तेच, त्याला गप्प बसवता येत नाही. 'टिंकर टेलर'मध्ये समोरचा बोलत असताना स्मायली नुसता ऐकतो ते प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि मग 'लेडीकिलर्स'मधला दरोडेखोरांचा म्होरक्या प्रोफेसर मार्कस तसाच पाहा. दुसऱ्यात दातांपलीकडे नजर जातच नाही.

तिपाई:
'लेडीकिलर्स' हा विनोदी सिनेमा आहे, नजर दातांवर जावी म्हणूनच ते दात आहेत. हेरकथेचं माप तिथे कशाला? तुलना करायचीच तर 'लॅव्हेंडर हिल मॉब'शी (१९५१) करा. तिथे बँकेचा कारकून आहे, दात त्याचे स्वतःचे आहेत आणि हशा तितकाच आहे.

रीळ क्र. ७:
म्हणजे दातांची गरज नव्हती, हेच ना?

तिपाई:
नाही. त्या कारकुनाला आपण सामील व्हावं असं वाटलं पाहिजे, मार्कसला घरमालकीण म्हातारीच्या दारात पाहून पोटात गोळा आला पाहिजे. दोन कामं, दोन हत्यारं.