विषय: आंब्याच्या पेट्या (आणि विलानोव्हाची पोरं)

प्रेषक: सुलभा
रविवार, 1 जून 2025, सकाळी 8:10

मंडळी,
काल संध्याकाळी आठला पेट्या न्यायला या, असं मी दोनदा लिहिलं होतं. गॅरेजचं दार उघडं टाकून साडेदहापर्यंत बसले. आले किती? नऊ जण. बाकी सगळ्यांना अचानक काय झालं होतं? हापूस आहे, कांदेबटाटे नाहीत. आज दुपारी चारच्या आत पेट्या गेल्या नाहीत तर मी आमरस करून फ्रीझरमध्ये टाकीन आणि पैसे परत मिळणार नाहीत.
अविनाशराव, तुमच्या तर तीन पेट्या आहेत. फोन का उचलला नाहीत?
सुलभा

---

प्रेषक: अविनाश
रविवार, 1 जून, सकाळी 9:02

सुलभाताई,
चूक कबूल. काल आठला एनबीएचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना होता: न्यूयॉर्कचे निक्स विरुद्ध इंडियानाचे पेसर्स, मालिकेतला सहावा. निक्स हरले, 125-108, मालिका 4-2 ने गेली, आणि त्यानंतर मला आंबा काय, पाणीसुद्धा नको होतं. फोन शेजारच्या खोलीत ठेवला होता, कारण आमचे व्याही इंडियानाचे आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बास्केटबॉलचं मला लहानपणापासून वेड वगैरे काही नाही. दादरला वाढलेला माणूस मी. पण आमची लेक 2014 ते 2018 विलानोव्हा विद्यापीठात होती. तिला न्यायला-आणायला जाता जाता तिथल्या पॅव्हिलियनमध्ये त्यांच्या संघाचे सामने बघायला लागलो. तेव्हाची ती पोरं अठरा-एकोणीसची. मिकाल ब्रिजेस तर आपल्या मॅल्व्हर्नचा, ग्रेट व्हॅली हायस्कूलचा. पहिलं वर्ष त्याला खेळवलंच नाही, नुसता सराव. काडीसारखा होता. जॉश हार्ट, जेलन ब्रन्सन, डोंटे डिव्हिन्चेन्झो, सगळे एकाच प्रशिक्षकाच्या, जे राइटच्या हाताखालचे. 2016 ला कॉलेज बास्केटबॉलचं अजिंक्यपद, 2018 ला पुन्हा.

आता त्यातले तिघं निक्समध्ये आहेत. मी निक्स बघत नाही, ती तीन पोरं बघतो. चारला येतो, पेट्या ठेवा.
अविनाश

---

प्रेषक: मंदार
रविवार, 1 जून, सकाळी 10:40

काका, सहानुभूती आहे, पण थोडीच.
फिलाडेल्फियात तीस वर्षं राहून न्यूयॉर्कच्या संघासाठी उपास? 2 मे 2024 विसरलात का? आपल्या फिलाडेल्फियाच्या सिक्सर्सला घरात येऊन बाहेर काढलं ते याच तुमच्या पोरांनी. ब्रन्सन 41 गुण, डिव्हिन्चेन्झो 23, आणि पंचवीस सेकंद उरले असताना तो थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट) मारणारा कोण? जॉश हार्ट. मी सिक्सर्सची जर्सी घालून स्टेडियममध्ये होतो आणि माझ्या आजूबाजूला निळी-नारिंगी न्यूयॉर्कची माणसं नाचत होती.

शिवाय मी इथे येण्याआधी चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शिकलो, आणि 2016 ची फायनल विलानोव्हाने आमच्याविरुद्धच जिंकली. त्यामुळे 2016 चा विषय माझ्यासमोर काढायचा नाही, हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे.
मंदार

---

प्रेषक: अविनाश
रविवार, 1 जून, सकाळी 11:15

मंदार, अरे सिक्सर्सचं नाव काढलंस तर मग ऐकच.
21 जून 2018, ड्राफ्टची रात्र, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती. दहाव्या क्रमांकावर सिक्सर्सनी मिकालला घेतलं. घरचा मुलगा घरच्या संघात. त्याची आई त्याच कंपनीत, सिक्सर्सच्या मालकांच्या कंपनीत, मनुष्यबळ विभागाची प्रमुख! टीव्हीवर तिचा आनंद नुसता ओसंडत होता. आणि थोड्याच वेळात बातमी आली की त्याला फीनिक्सला देऊन टाकलं. मांडवातून मुलगी परत पाठवावी तसं. त्या रात्री माझी आणि सिक्सर्सची फारकत झाली.

त्याच रात्री ब्रन्सन, म्हणजे त्या वर्षी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, तेहतिसाव्या क्रमांकावर गेला. दुसऱ्या फेरीत! त्याच्याच संघातले तिघे, ब्रिजेस, डिव्हिन्चेन्झो आणि स्पेलमन, त्याच्या आधी गेले. सगळ्यांचं म्हणणं एकच: उंची कमी, वेग कमी. मी चार वर्षं नाही, तीनच वर्षं त्याला बघितला होता, पण हा पोरगा कोणाला कळलेला नाही हे मला बसल्या जागी कळत होतं. पाठ टेकवून, खांदा लावून, समोरच्याला थांबवून मग वळणारा गार्ड. त्याला पळायची गरजच नाही.
अविनाश

---

प्रेषक: स्मिता
रविवार, 1 जून, दुपारी 12:20

अविनाशभावजी, म्हणजे विलानोव्हा हे माहेर आणि एनबीए सासर, असंच ना? फीनिक्स, डॅलस, मिलवॉकी, लांब लांब दिल्या मुली, आणि मग हळूहळू एकीने दुसरीला आपल्या सासरी बोलावून घेतलं.

आमच्याकडे ईशान आणि त्याचे बाबा दोघंही यातलेच. मला एक सांगा, एका सिझनचे 82 सामने कोण बघतं? मला एवढंच कळतं की तो हार्ट सारखा पडतो.
स्मिता

---

प्रेषक: ईशान
रविवार, 1 जून, दुपारी 1:05

आई, मी हे सांगितलं आहे तुला. पण लिस्टवर लिहितो, म्हणजे परत विचारणार नाहीस. (मराठी टायपिंग बाबांनी तपासलं आहे.)

सगळे सामने बघायचे नसतात. सकाळी बॉक्स स्कोअर बघायचा. एका ओळीत एक खेळाडू: मिनिटं, गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर गुण झाले तो पास), शेवटी प्लस-मायनस. प्लस-मायनस म्हणजे तो मैदानात असताना आपला संघ किती पुढे गेला किंवा मागे पडला. एका सामन्याच्या प्लस-मायनसवर विश्वास ठेवायचा नाही, दहा-पंधरा सामन्यांनंतर अर्थ लागतो.

हार्टचा आकडा वाचायचा तो रिबाउंडचा. या सिझनमध्ये सामन्याला 9.6. तो सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच खेळाडू नाही, गार्ड आहे, साडेसहा फूटसुद्धा नाही. म्हणून तो सारखा पडतो. पेसर्सविरुद्ध तिसऱ्या सामन्यापासून त्याला बेंचवरून आणलं, तर तो चिडला नाही. बदल त्यानेच सुचवला होता.

ब्रिजेसचा आकडा वाचायचा तो सामन्यांचा. एनबीएत आल्यापासून एकही चुकवलेला नाही. 2022-23 मध्ये मध्येच ट्रेड झाला, म्हणजे दुसऱ्या संघात गेला, तर त्याचे 83 झाले, बाकीच्यांचे 82. या एप्रिलमध्ये शेवटच्या सामन्यात तो काही सेकंद खेळून बाहेर आला, फक्त साखळी तुटू नये म्हणून. बॉक्स स्कोअरमध्ये मिनिटं शून्य दिसतात, तरी सामना धरतात.
आणि बॉस्टनविरुद्धचा दुसरा सामना: तीन क्वार्टरमध्ये शून्य गुण, चौथ्यात 14, आणि शेवटी त्यांच्या टेटमच्या हातातून चेंडू काढून घेतला. हे बॉक्स स्कोअरमध्ये फक्त "14" दिसतं. म्हणून काही सामने बघायचे पण असतात.
ईशान

---

प्रेषक: अविनाश
रविवार, 1 जून, दुपारी 2:30

शाबास ईशान. बाबांनी तपासलं असलं तरी शाबास.

स्मितावहिनी, सासर-माहेर चालेल, पण एक दुरुस्ती. हे बोलावणं-बिलावणं पैशांनीच होतं. ब्रन्सन 2022 ला न्यूयॉर्कला आला, चार वर्षांचे 104 मिलियन डॉलर. लोक हसले होते. गेल्या वर्षी त्याने नवा करार केला तेव्हा आणखी वर्षभर थांबला असता तर सुमारे 113 मिलियन जास्त मिळाले असते. नाही थांबला. संघाला दुसऱ्या खेळाडूंसाठी जागा राहावी म्हणून, असं सगळे म्हणतात. मिकालला ब्रुकलिनकडून आणायला निक्सनी पहिल्या फेरीचे पाच पिक्स, म्हणजे ड्राफ्टमधले निवडीचे हक्क मोजले. आणि हार्टला पोर्टलँडहून आणताना बदल्यात जे गेले त्यात कोण होता? आर्चिडियाकोनो. 2016 च्या फायनलमध्ये शेवटचा पास देणारा, हार्टचाच कॉलेजमधला कप्तान.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जुलै 2024 मध्ये चौघं एका संघात आले. मी लेकीला फोन करून सांगितलं, तिकिटं बघ. ऑक्टोबर उजाडायच्या सुमारास डिव्हिन्चेन्झोला मिनेसोटाला पाठवून दिलं, त्यांच्या टाउन्स नावाच्या खेळाडूच्या बदल्यात. आदल्याच सिझनमध्ये 283 थ्री मारून निक्सचा विक्रम केला होता त्याने. चौघं मिळून सिझनचा एकही सामना खेळले नाहीत.

मला दादरची सवय आहे याची. शिवाजी पार्कावर आम्ही आचरेकर सरांची पोरं अशीच बघायचो. अमुक शारदाश्रमचा, तमुक कुठला, कांगा लीगमध्ये चिखलात कोण टिकला. मग तो रणजीत गेला, टेस्टमध्ये गेला, तरी आमच्या लेखी शारदाश्रमचाच. 1988 ची हॅरिस शील्डमधली ती 664 ची भागीदारी मी पाहिलेली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या वयाचा प्रत्येक मुंबईकर त्या दिवशी आझाद मैदानावर होता असं म्हणतो.
अविनाश

---

प्रेषक: मंदार
रविवार, 1 जून, रात्री 11:48

काका, विषय तुम्हीच काढलात. "शेवटचा पास" म्हणालात.

4 एप्रिल 2016, ह्यूस्टन. आम्ही तीन गुणांनी मागे. मार्कस पेजने हवेत उडी मारली, समोर माणूस आला म्हणून हात खाली घेतला, पुन्हा वर नेला आणि उतरता उतरता थ्री टाकला. 74-74. घड्याळात 4.7 सेकंद. मी आमच्या अपार्टमेंटमधला दिवा फोडला, आनंदाने. 4.7 सेकंदांनी तुमच्या क्रिस जेन्किन्सने शेवटचा थ्री मारला. 77-74. मी दिव्याच्या काचा गोळा करत होतो.

आणि तो जेन्किन्स आमच्याच संघातल्या नेट ब्रिटच्या घरी वाढलेला. ब्रिटचे आईवडील त्याचे पालक. एक मुलगा या बाजूला, एक त्या बाजूला, आणि ते प्रेक्षकांत बसलेले. त्या रात्री त्यांनी काय केलं असेल, याचा विचार मी माझी दोन मुलं कॅरम खेळताना अजून करतो.

तुम्ही तुमची पोरं एनबीएत बघता. माझी नाही दिसत. पेजचा ड्राफ्ट 55 वा, शार्लटकडून मोजके पाच सामने. मी ते पाचही शोधून बघितले होते, शेवटची काही मिनिटं, सामना आधीच हरलेला किंवा जिंकलेला. मग तो युरोपात गेला. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी सर्बियन संघाचा बॉक्स स्कोअर गूगल ट्रान्सलेटमधून वाचत असे. बायकोला वाटायचं मी शेअर्स बघतोय. आता तो चॅपल हिललाच प्रशिक्षकांच्या चमूत परत आलाय.
आणि जेन्किन्स? त्याला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही. एनबीएचा एकही सामना नाही. त्या 4.7 सेकंदांतले दोघंही तिकडे टिकले नाहीत, आणि त्या दिवशी मोजक्याच गुणांवर थांबलेला ब्रन्सन-बिन्सन आज न्यूयॉर्कचा राजा.
झोपतो.
मंदार

---

प्रेषक: अविनाश
सोमवार, 2 जून, सकाळी 6:30

मंदार,
ब्रन्सनचे त्या दिवशीचे गुण मी तपासणार नाही, तू सांगतोस ते खरं.
पेजचा तो शॉट पडला तेव्हा मी पॅव्हिलियनमध्ये मोठ्या पडद्यासमोर होतो. सगळं एकदम चिडीचूप झालं. माझ्या तोंडातून "वा!" निघून गेलं आणि लेकीने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. हे तिला विचारू नकोस.
पुढच्या सिझनला तुझ्याकडे सिक्सर्स-निक्स बघू. जर्सी घाल, हरकत नाही.
अविनाश

---

प्रेषक: सुलभा
मंगळवार, 3 जून, संध्याकाळी 5:55

निक्सनी आज प्रशिक्षकाला, त्या थिबोडोला काढलं म्हणे. हे मला आमच्या घरातून कळलं, लिस्टवर कृपया लिहू नका, विषयाची ओळ अजून "आंब्याच्या पेट्या" अशीच आहे आणि लोक मला विचारतायत की थिबोडो ही कुठली जात.

अविनाशराव, तुमची तिसरी पेटी मंदारच्या गाडीत गेली. तो म्हणाला, काकांना सांगा, दिव्याची भरपाई.
सुलभा