भाट्ये खाडीचे नमुने सोलापूरला आणून तपासता येतील का?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रत्नागिरीच्या भाट्ये खाडीतले नमुने हवेत. प्रयोगशाळा सोलापुरात. क्षारता आणि विरघळलेला ऑक्सिजन दोन्ही इथे येऊन मोजले तर चालेल?

उत्तर १: क्षारता चालेल, ऑक्सिजन नाही. वाटेत त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून तो खाडीवरच पक्का करा, म्हणजे रसायनं घालून अडकवून ठेवा. ३०० मिलीची बीओडी बाटली (ऑक्सिजन मोजायची घट्ट बुचाची काचेची बाटली) बुडबुडा न राहता भरा. मँगनस सल्फेट २ मिली, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. तपकिरी साका बसला की ठीक; पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही. पुढे २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून २०० मिलीचं टायट्रेशन (थायोसल्फेट थेंबथेंब घालून रंग जाईपर्यंत मोजणं) रत्नागिरीत मुक्कामीच उरका. ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं थायोसल्फेट १ मिली लागलं म्हणजे लिटरला १ मिग्रॅ ऑक्सिजन. रंग गेल्याचं नीट दिसावं म्हणून स्टार्च घालायचा, पण द्रावण फिकं पिवळं झाल्यावरच. आधी घातलात तर शेवट चुकतो.

उत्तर २: क्षारतेच्या बाटल्यांची झाकणं बघा. सोलापूरच्या उन्हात सैल झाकणातून पाणी उडतं आणि आकडा उगाच चढतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण) ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा, नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

उत्तर ३: भरती-ओहोटीची वेळ लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. शिवाय वरचं आणि तळाचं पाणी वेगळं घ्या. पावसाळ्यात वर जवळजवळ गोडं आणि खाली खारं असू शकतं, कारण खारं पाणी जड. नुसती बादली बुडवून तळ कळत नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे थायोसल्फेट आणि ब्युरेट (टायट्रेशनची मापाची नळी) सोबत न्यायचं?

उत्तर १: हो. आणि थायोसल्फेट तिथे पोचल्यावर पुन्हा प्रमाणित करा, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासा.