नेमणुकांना सभागृहाची संमती: घटना समितीत काय झाले होते

न्यायाधीशांच्या नेमणुकीत खासदारांना स्थान नाही ही घटनाकारांची नजरचूक होती, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत यावर चांगलीच चर्चा झाली होती. नेमणुकीपूर्वी वरिष्ठ सभागृहाचा सल्ला घ्यावा अशी दुरुस्ती प्रा. के. टी. शहा यांनी मांडली होती. अमेरिकेत सिनेटच्या संमतीची पद्धत आहे हे मान्य करूनही डॉ. आंबेडकरांनी ती किचकट असल्याचे आणि तीत राजकीय दबाव शिरण्याचा संभव असल्याचे सांगितले. मात्र त्याच उत्तरात, सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करणे म्हणजे त्यांच्या हाती नकाराधिकार देणे होय, असेही ते म्हणाले, आणि पहिले वाक्य उचलणारे नेमके हे दुसरे सोडतात.

आम्हा सातारकरांना ७ नोव्हेंबर १९०० हा डॉ. आंबेडकरांच्या इथल्या शाळाप्रवेशाचा दिवस पाठ असतो, ही भाषणे मात्र फारसे कोणी उघडत नाही. (मीही ती निवृत्तीनंतरच वाचली.)

नेमणुकांत आमदारांना किती स्थान आहे, एवढ्यापुरते बोलायचे तर माहिती अधिकार कायद्याखालील राज्य माहिती आयुक्तांच्या नेमणुकीची शिफारस मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री यांची समिती करते. तिघांत दोघे सरकारचेच, त्यामुळे विरोधी पक्षनेत्याचे भिन्न मत कागदावर नोंदले तरी निर्णय बदलत नाही. विरोधी पक्षनेता अधिकृतपणे मान्य झालेला नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला ती जागा मिळते, ही तरतूद त्याच कायद्यात आहे.