शेजार जुळतो तो रचनेमुळे की पुढाकारामुळे?

धागा
शेजार टिकावा म्हणून वर्षाकाठी एक स्नेहसंमेलन आणि रहिवाशांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, यापलीकडे आपली मजल जात नाही. आणि दोन्हींचा लाभ ज्यांची आधीच घसट आहे त्यांनाच होतो. माझ्या मते शेजार जुळतो तो जाता-येता वारंवार गाठ पडल्याने, आणि ती पडणार की नाही हे इमारतीची व रस्त्याची रचना ठरवते. मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लगतच्या दारी राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे स्नेही म्हटले, तर मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांना सॅन फ्रान्सिस्कोत असे आढळले, की दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र होते आणि १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही धड नव्हता.

प्रतिसाद १
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. त्या वसाहतीतले सगळेच विद्यार्थी-कुटुंबातले, बहुतेक एका वयाचे. जवळची दारे त्यांच्या पथ्यावर पडली, इतकेच. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गृहसंकुलाच्या पाहणीत नावडती माणसेही जवळच राहणारी निघाली, आणि यात नवल काय? आडवी लावलेली गाडी किंवा रात्री अकराला डोक्यावर सरकवले जाणारे कपाट लांबच्या माणसाचे नसतेच. अशा वेळी कोणीतरी वर जाऊन, आवाज न चढवता बोलावे लागते, आणि ते काम कोणताही जिना करत नाही.

प्रतिसाद २
सर्वांना जवळीक हवीच आहे, हे आपण दोघेही गृहीत धरता. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला ती किती वाजता परतली, सोबत कोण होते, याचा हिशेब ठेवणारा शेजार नको असतो. तोंडओळख पुरे.

धागाकर्ता
तोंडओळख मलाही पुरते. शिकागोत १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. लॉनडेलच्या उत्तर व दक्षिण या लगतच्या वस्त्यांत एकटे राहणारे वृद्ध आणि गरिबी जवळपास सारखीच होती. तरी ओस पडलेल्या उत्तर भागातील मृत्युदर गजबजलेल्या दक्षिण भागाच्या सुमारे दसपट होता. रस्त्यावर वर्दळ असली की म्हातारी माणसेही निर्धास्तपणे घराबाहेर पडतात.

प्रतिसाद १
जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचे काय? शिवाय उभ्या इमारतीचा जिना आता कोण बदलणार! त्यापेक्षा नवे बिऱ्हाड आले, मग ते मालकाचे असो वा भाडेकरूचे, की त्याच आठवड्यात दार वाजवून कचरा कुठे ठेवायचा, लिफ्ट बंद पडल्यास कोणाला कळवायचे, हे सांगण्याचे काम प्रत्येक मजल्यावर एकाकडे सोपवावे.

प्रतिसाद २
येण्याआधी फोन करावा, एवढ्या अटीवर मला ते मान्य आहे.