इपी (तलवारबाजी): सेकंड इंटेन्शन जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे तलवारबाजी खेळणारं किंवा शिकवणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. मी साडेतीन वर्षं इपी (तलवारबाजीचा एक प्रकार) खेळतेय, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, सर फक्त शनिवार-रविवार येतात, बाकीचे दिवस आम्ही चौघीजणी शाळेच्या हॉलमधे आपापला सराव करतो. बेसिक ठीक आहे, म्हणजे फूटवर्क, लंज (पुढचा पाय लांब टाकून वार), चार नंबर सहा नंबरची (हाताच्या ठरलेल्या पोझिशनची) पॅरी म्हणजे ब्लेडने वार अडवणं, रिपोस्ट म्हणजे अडवल्यावर लगेच उलट वार, डिसएंगेज म्हणजे तिची ब्लेड चुकवून टोक दुसऱ्या बाजूला नेणं, हे सगळं येतं आणि पूलमधल्या (गटातल्या) पाच टचच्या बाउट बऱ्यापैकी जिंकते. पण एलिमिनेशनची (बाद फेरीची) पंधरा टचची बाउट आली की दुसऱ्या पिरियडपर्यंत समोरचीला माझं सगळं कळलेलं असतं.

सर म्हणतात आता सेकंड इंटेन्शन शिक, म्हणजे पहिला अटॅक टच मिळवायला करायचाच नाही, समोरचीने पॅरी-रिपोस्ट करावा म्हणून करायचा आणि तिच्या रिपोस्टला पॅरी करून मग मारायचं. ऐकायला सोपं वाटतं हो, पण मी अटॅक करते तेव्हा समोरची पॅरी करतच नाही, सरळ हात लांब करून माझ्या मनगटावर मारते. मागच्या स्पर्धेत ११-१३ ने मागे होते, दोनदा जोर लावून लंज मारला, दोन्ही वेळा दोन्ही दिवे लागले, म्हणजे दोघींनाही पॉइंट, आणि १३-१५ ने गेली बाउट. मैत्रिणीने मोबाईलवर शूट केलं होतं ते स्लो करून बघितलं तर माझा पाय आधी उचलला जातोय आणि कोपर अजून वाकलेलंच आहे. त्या दोन टचमधला एक तर ग्लोव्हच्या कडेला, अंगठ्याच्या जरा वर लागलाय, चार दिवस तिथे काळंनिळं होतं.

घरचे आणि मित्र भवानी देवीचे व्हिडिओ पाठवतात. २०२१ साली टोकियोला ती उतरली, ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय फेन्सर, मलाही तिच्यामुळेच हा खेळ कळला. पण ती सेबर (तलवारबाजीचाच दुसरा प्रकार) खेळते, तिथे कमरेच्या वरच टार्गेट आणि अटॅकचा हक्क कोणाचा ते रेफ्री ठरवतो, आमच्या इपीत पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत सगळं टार्गेट आणि हक्कबिक्क काही नाही, जो आधी लावेल त्याचा टच. त्यामुळे त्यातून माझा प्रश्न सुटत नाही.

तर सेकंड इंटेन्शनचा सराव सर नसताना कसा करायचा? आणि फ्लेश (पुढे झेपावत धावून जाऊन केलेला अटॅक) कधी मारावा, मी मारते तेव्हा पुढे निघून जाते पण टच लागत नाही.

प्रतिसाद १
मी आधी खेळायचो, आता मुलांना शिकवतो. अगं तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे. समोरची पॅरी करत नाही, हातावर मारते, मग तिच्या रिपोस्टची वाट बघून काय उपयोग, रिपोस्ट येणारच नाही. तुला हवाय काउंटरटाइम. तोही सेकंड इंटेन्शनचाच प्रकार, फक्त इथे आपण तिला पॅरी करायला नाही तर हात मारायला लावायचं. एक छोटं पाऊल पुढे टाक, हात थोडासा उघडा दिसू दे, तिचा हात लांब झाला की सहा नंबरमधे तिची ब्लेड घे आणि तशीच दाबून धरत आत जा. दाबून धरणं महत्त्वाचं, कारण डबल (दोघींचा एकदम टच) होतो तो ब्लेड मोकळी सोडल्यामुळे. मशीनला सेकंदाचा पंचविसावा भाग एवढाच फरक कळतो, त्याच्या आत दोघींचे लागले की दोघींना पॉइंट, आणि मागे असताना डबल म्हणजे बाउट हातातून गेलीच समज. पहिल्या पिरियडमधे टचची घाई करू नको, दोन-तीन खोटे अटॅक करून ती नेमकं काय करते ते बघ, पॅरी, मागे सरकणं की हातावर मारणं, आणि मधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत ते ठरवून दुसऱ्या पिरियडला जा.

हात उशिरा जातोय त्यासाठी जुना ग्लोव्ह घ्या, एकीने भिंतीला टेकवून धरायचा आणि न सांगता सोडायचा, तो खाली पडायच्या आत दुसरीने इपीच्या टोकाने भिंतीला दाबायचा. पाय आधी गेला तर ग्लोव्ह सापडत नाही, आपोआप कळतं.

प्रतिसाद २
टिप (इपीच्या टोकाचं स्प्रिंगचं बटण) पण चेक कर. पावसाळ्यात आत गंज धरतो, साडेसातशे ग्रॅमचं वजन स्प्रिंगने उचललं नाही तर स्पर्धेत इपी रिजेक्ट होते. आणि टिपचे दोन बारीक स्क्रू जास्तीचे जवळ ठेव, ऐनवेळी एक पडला की शोधत बसावं लागतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. ग्लोव्हचं आज संध्याकाळीच केलं, पहिल्या वीसमधे तीन सापडले, शेवटच्या वीसमधे नऊ, आणि जे सापडले त्यात खरंच कोपर आधी सरळ झालं होतं. काउंटरटाइम मैत्रिणीवर करून बघितला पण तिला माहीत असतं मी काय करणार आहे म्हणून ती हात मारतच नाही, तर आता आम्ही ठरवलंय की तिने मनात एक निवडायचं, पॅरी किंवा हात किंवा मागे, आणि मी ओळखायचं. ब्लेड घेताना माझा हात फार बाहेर जातोय असं वाटतंय, ते शनिवारी सरांना दाखवते. फ्लेशचं कोणाला माहीत असेल तर सांगा ना, ते राहिलंच.